पाण्याखालचं गाव आणि काठावरचा तंबू

लोणार सोडलं, तर आमच्या वऱ्हाडात मोठं म्हणावं असं नैसर्गिक सरोवर नाही. आम्ही ज्याला 'तळं' म्हणून फोटो टाकतो ते बहुतेक वेळा धरणाचं पाणी असतं. म्हणजे तळ्याकाठी मुक्काम आखायचा तर धरणाच्या काठीच आखावा लागतो. आणि धरणाचं पाणी जिथे थांबतं तिथे आधी काहीतरी होतं. बहुतेकदा कोणाचं तरी घर.

हे सुचायला निमित्त झालं एका एक्सेल शीटचं. आम्ही चार मित्र, तिघांची लग्नं झालेली, मिळून पाच लहान मुलं. जानेवारीत दोन रात्री तळ्याकाठी राहायचं ठरलं. एकाने भाड्याची कॅरॅव्हॅन शोधली. आत ओटा, पलंग, संडास, सगळं. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे आता ही गाडी फक्त यूट्यूबवर बघायची गोष्ट राहिलेली नाही. शीट करायचं काम माझ्याकडे आलं, कारण ऑफिसातही ते माझ्याकडेच येतं. जागा, अंतर, रस्ता, पाणी, शौचालय, मोबाइलची रेंज, जवळचा दवाखाना. जागा दोनच उरल्या : मोर्शीजवळ सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा, नाहीतर अकोल्याकडचं महानचं काटेपूर्णा धरण.

मी सहज आत्याला फोन करून अप्पर वर्ध्याचा रस्ता विचारला. तिचं सासर त्या पाण्यात गेलेलं. ती म्हणाली, "काहून जाता तिथं? तुमाले पानी दिसते. मले आमची वसरी दिसते."

एवढंच. रागावली नाही, जाऊ नका असंही म्हणाली नाही. पुढे रस्ता नीट सांगितला. पण माझ्या शीटमध्ये तिचं वाक्य टाकायला रकाना नव्हता. प्रश्न असा होता : ज्या पाण्याखाली कोणाचं तरी घर आहे, त्याच्या काठावर आपण घर चाकांवर घालून मजा करायला जावं का?

आधी ते पाणी कोणाच्या कामाला येतं ते बघू. अप्पर वर्धा, म्हणजे नल-दमयंती सागर, वर्धा नदीवरचं 13 दरवाज्यांचं धरण. उपयुक्त साठा सुमारे 564 दशलक्ष घनमीटर. अमरावती शहर हेच पाणी पितं. काटेपूर्णा त्या मानाने लहान, 86 दशलक्ष घनमीटरच्या आसपास. पण अकोल्याचे नळ त्याच्यावर चालतात. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांमधून पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलाय. तिथे जमिनीखालचं पाणी खारट. घरामागे विहीर असूनही प्यायचं पाणी लांबून, धरणातून आणावं लागतं. त्यामुळे 'धरणं वाईट' असं म्हणून मोकळं होण्याची सोय वऱ्हाडी माणसाला नाही. मी अमरावतीत शाळा आणि इंजिनिअरिंग केलं ते हेच पाणी पिऊन.

आता दुसरी बाजू. 2023 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मंत्रालयाच्या आत लावलेल्या सुरक्षा जाळीवर काही शेतकऱ्यांनी उड्या मारल्या. ते अप्पर वर्धा धरणग्रस्त होते. त्याआधी मोर्शीत त्यांचं कित्येक दिवस आंदोलन चालू होतं. मागण्या जुन्याच : जमिनीचा वाढीव मोबदला, घरातल्या एकाला नोकरी. धरणात पाणी अडून तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. शहराला पाणी पोचलं, हिशोब मात्र अजून पुरा झालेला नाही.

आणि हे फक्त वऱ्हाडाचं नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या पिढीचं लाडकं ठिकाण पवना लेक. तंबू, बार्बेक्यू, गिटार, सकाळी पोहे. त्या धरणातल्या अनेक कुटुंबांचं पुनर्वसन दशकानुदशकं रखडलं. पलीकडे मुळशीला 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. आज तिथे 'लेक व्ह्यू' हा शब्द खोलीचं भाडं वाढवतो.

ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा एक मित्र म्हणाला, "मग कुठेच जायचं नाही का? आपलं ऑफिस ज्या जमिनीवर आहे तीही कोणाची तरी होती. समृद्धी महामार्गही कोणाच्या तरी शेतातून गेला. पोरांना काय घरात डांबून ठेवायचं?"

हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. मला त्याचं उत्तर असं सुचतं : अपराध आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपराध केला असेल तर माणूस मान खाली घालतो आणि लांब राहतो. धरण बांधायचं मी ठरवलं नाही, गाव मी बुडवलं नाही. तो अपराध माझा नव्हे. पण पाणी मी प्यालो. ते ऋण आहे, आणि ते घरी बसून फिटत नाही. मी सिंभोऱ्याला गेलो नाही म्हणून आत्याची वसरी वर येणार नाही. उलट न जाण्याने माझं मन तेवढं स्वच्छ राहील आणि नळ सुरूच राहील. लांब राहणं सोपं आहे म्हणूनच मला त्याचा संशय येतो.

मग जायचं, पण कसं? कॅम्पिंगवाल्यांचा जगभर मान्य झालेला नियम आहे : मागे खूण ठेवू नका. अमेरिकेत याचं रीतसर प्रशिक्षण देतात. तंबू पाण्यापासून 200 फूट, म्हणजे साठेक मीटर लांब. कचरा परत आणायचा. भांडी तळ्यात धुवायची नाहीत. कॅरॅव्हॅनला हा नियम दुप्पट लागू, कारण तिच्या पोटात संडासाची टाकी असते. ती शहरात, मलनिस्सारणाची सोय असेल तिथेच रिकामी करायची. काठावर सोडलेली टाकी शेवटी अमरावतीच्या नाहीतर अकोल्याच्या नळाकडे निघते.

नियम चांगला आहे, पण अर्धा. त्यात असं गृहीत धरलंय की आपण येण्याआधी तिथे माणसाची खूण नव्हतीच. ज्या अमेरिकेत तो रुजला तिथलं योसेमिटी खोरं बघा. 1890 मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यान झालं. त्याआधी, 1851 मध्ये, तिथल्या अहवाहनीची लोकांना सशस्त्र तुकडीने हुसकावलं होतं. पर्यटकाला जी निर्मनुष्य शांतता दिसते ती कधीकधी तयार केलेली असते. धरणग्रस्ताचं दुःख तर हेच की त्याची खूण उरली नाही. म्हणून आपली खूण ठेवू नये, आणि आधीची पुसू नये. नियमाचे हे दोन्ही भाग मिळून मला तो पुरा वाटतो.

यानंतर आमचा प्लॅन बराच बदलला. जलसंपदा विभागाची परवानगी घेतल्याशिवाय अप्पर वर्ध्याला मुक्काम नाही. महानला गेलो तर काटेपूर्णा अभयारण्य लागतं, तिथे वनविभागाची परवानगी हवी. शेकोटी नाही, स्पीकर नाही. हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, रात्र त्यांचीही असते. पाणी ओसरलं की उघडी पडणारी जमीन म्हणजे आपल्यासाठी सपाट, सुंदर जागा. पण ती गाळपेराची असू शकते. धरणग्रस्तच तिथे वर्षातून एक पीक काढतात, तेव्हा विचारल्याशिवाय चाक घालायचं नाही. मासेमारांची जाळी आणि डोंगे फोटोसाठी ओढायचे नाहीत. जेवणाचा डबा शहरातून न्यायचा नाही. जवळच्या गावात एखाद्या घरी रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण सांगायचं, आणि भाव पाडायचा नाही. रोडग्यांसाठी गावाबाहेर पंगत बसवणं, कार्तिकात आवळीखाली जेवणं, हे आपल्याकडे कॅम्पिंग शब्दाच्या आधीपासून आहे.

याने ऋण फिटतं का? नाही. दोन रात्रींचे पैसे म्हणजे जमिनीचा मोबदला नव्हे, आणि तसं मनात आलं तर तो आणखी एक स्वस्त सौदा होईल. पण पुढच्या वेळी मोर्शीच्या मंडपाची बातमी आली, तर अंगठ्याने ती वर सरकवणं निदान आम्हाला अवघड जावं. पाच पोरांनाही काठावर बसून सांगायचं ठरलंय की आपण रोज पितो ते पाणी इथून येतं, आणि ते साठवायला इथली माणसं उठून गेली. सहा वर्षांचं मूल यावर लगेच विचारेल, "मग त्यांना दुसरं घर दिलं का?" त्याचं खरं उत्तर आम्ही मोठ्यांनी जाण्याआधी शोधून ठेवायचं आहे. तेही काम शीटमध्ये टाकलंय, माझ्या नावापुढे.

आत्याला विचारलंय, येशील का. तिने अजून हो म्हटलेलं नाही. "पाह्यतो," म्हणाली. गाडीत एक जागा ठेवली आहे.