रतामाच्या झुडपाखालची भाकर



व्हर्जिनियातील अ‍ॅशबर्न येथे रस्त्यांच्या कडेला बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती उभ्या आहेत. जगातील असंख्य लोकांची पत्रे, हिशेब व छायाचित्रे तेथील संगणकांत साठवलेली असतात. त्याच गावात आपल्या एखाद्या कुटुंबाच्या दारावर सकाळी थाप पडावी, पोलिसांनी वॉरंट दाखवून घरातले संगणक व फोन न्यावेत, म्हणजे मागे काय उरते? रिकामे मेज, जप्त वस्तूंची यादी आणि वाट पाहणे.

हे वाट पाहणे लांबते. तपासनीस आधी यंत्रातील साठ्याची हुबेहूब प्रत काढतात, मग ती तपासतात. शिवाय प्रयोगशाळेत आधीच्या प्रकरणांची रांग असते. महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. एल्गार परिषद प्रकरणी पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये झडत्या घेऊन संगणक जप्त केले व जूनमध्ये अटका केल्या. त्यांतील रोना विल्सन व सुधीर ढवळे यांना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये जामीन दिला, तेव्हा सहा वर्षांहून अधिक तुरुंगवास होऊनही आरोप निश्चित झालेले नव्हते. त्यातील राजकारणात आपल्याला शिरायचे नाही. इतका काळ माणसाने मन कसे सांभाळावे, एवढाच आपला प्रश्न.

योसेफाचे वस्त्र पोटीफरच्या बायकोच्या हाती राहिले. वस्त्र त्याचेच होते, पण त्यावरून सांगितलेली गोष्ट खोटी होती. तो बंदीत पडला. ज्या प्यालेबरदारावर त्याने आशा ठेवली तो त्याला विसरला, आणि आणखी दोन वर्षे गेली. पण त्याच बंदीत एका सकाळी सोबतच्या दोघांचे उतरलेले चेहरे पाहून योसेफाने त्यांना कारण विचारले होते. आपला न्याय लांबला म्हणून त्याने दुसऱ्याची विचारपूस सोडली नाही.

ज्यांच्या अंगी तेवढे बळ नाही, त्यांच्यासाठी आपले एलियाहू हन्नाबी आहेत. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्यांच्या रथाची खूण आपण श्रद्धेने पाहतो, मलिद्याच्या वेळी त्यांचे नाव घेतो. पण हेच नबी ईजबेल राणीच्या धाकाने रानात पळाले आणि रतामाच्या झुडपाखाली बसून त्यांनी मरण मागितले. परमेश्वराने त्या वेळी त्यांना बोल लावला नाही. दूत आला तो भाकर आणि पाणी घेऊन. ते जेवले, निजले, पुन्हा जेवले. होरेबाची चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची.

म्हणून अशा घराला माझे सांगणे असे. वेळेवर जेवा, वेळेवर निजा. प्रकरणाची हकिकत वकिलालाच सांगा. मनाचे दुःख मात्र एखाद्या जवळच्या माणसापाशी मोकळे करा. भीतीपोटी काही पुसू नका, नष्ट करू नका. रोज फोनची वाट पाहत बसू नका. चौकशीसाठी आठवड्यातला एक दिवस ठरवा. शब्बाथचे दिवे लागल्यापासून हाबदालापर्यंत तो विषय घरात काढूच नका. जीव नकोसा झाला तर अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करा. चूक झाली असेल तर तशुवाचे दार उघडे आहे. झाली नसेल तर संशयालाच शिक्षा समजू नका.

आणि आपण शेजाऱ्यांनी काय करावे? एखाद्यावर संशय आहे असे कळताच आपली पावले त्या दाराकडे वळेनाशी होतात. खरे-खोटे ठरवणे हे न्यायालयाचे काम. आपल्याकडे दूताचे काम आहे. “काय सापडले?” असे न विचारता शुक्रवारी डबा घेऊन त्या घरी जावे. तेथल्या बायको-मुलांना आपल्या किद्दुशला बोलवावे. मुलांच्या नावावर कोणताच आरोप नसतो.

ज्याने आपल्या नबीला रानात भाकर पाठवली, तो अशा प्रत्येक घराला धीर देवो आणि ती भाकर पोचवायला आपले हात वापरो. आमेन.