सीतेची आसवं

श्रावण सरता सरता साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्या दगडाचा सडा निळा-जांभळा होऊ लागतो. ही सीतेची आसवं. फूल जेमतेम नखाएवढं, देठ दोऱ्यासारखा. जिथं पाणी सतत झिरपत असतं, तिथंच ती दाटीनं उगवतात.

सड्यावरच्या, पावसानं धुतलेल्या बोटभर मातीत नत्र, स्फुरद फारसं उरत नाही. आणि या रोपाला तर खरी मुळंच नसतात! चिखलात पसरलेल्या धाग्यांवर त्याच्या इवल्या पिशव्या असतात. पिशवीतलं पाणी रोप बाहेर उपसतं, तशा तिच्या भिंती आत खेचल्या जातात. दाराशी आलेल्या सूक्ष्म जीवाचा जरासा स्पर्श झाला, की दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. पापणी लवायच्या आत दार बंद. मातीत न मिळणारं नत्र, स्फुरद रोप या जीवातून मिळवतं. चार्ल्स डार्विननं १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवरच्या ग्रंथात या पिशव्यांचं बारकाईनं वर्णन केलं, पण जीव स्वतःच दार ढकलून शिरतात, असं त्याला वाटलं. इतक्या मोठ्या निरीक्षकालाही हे ओढणं दिसलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पाऊस संपला की रोप सुकतं. तापलेल्या सड्यावर उरतं ते धुळीएवढं बी.

२०१२ साली कास जागतिक वारसा यादीत आलं, गर्दी वाढली. एका पावलाखाली ती बोटभर माती दबते, पिशव्या चिरडल्या जातात. म्हणून फुलांच्या मोसमात गेलात, तर आखलेल्या वाटेवरूनच चाला, आणि तिथूनच वाकून नीट बघा.