दर महिन्याची डागडुजी

रानकोंबडी वर्षाकाठी जेमतेम दहा-पंधरा अंडी देते. माणसाने पैदास करून तिची जी लेअर कोंबडी घडवली, ती तीनशेच्या आसपास देते. या कोंबड्यांकडे कर्करोगाचे अभ्यासक फार कुतूहलाने पाहतात. वय दोन-तीन वर्षांचं झालं की त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना अंडाशयाचा कर्करोग आपसूक होतो. उंदरात तोच रोग निर्माण करायला प्रयोगशाळेत बरीच खटपट करावी लागते.

महमूद फथल्ला या इजिप्तच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी 1971 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छोटंसं टिपण लिहून शंका मांडली, की बाईलाही बीज सुटण्याचा हाच खंड न पडणारा क्रम बाधत असावा. स्त्रीबीज बाहेर पडताना अंडाशयाचा पृष्ठभाग खरोखरच फाटतो. त्याआधी तिथे सूज येते, पांढऱ्या पेशी जमतात, प्रोस्टाग्लँडिन पाझरतात. फुटलेल्या पुटिकेतला द्रव बीजवाहिनीच्या झालरदार टोकावर सांडतो. सर्वांत जास्त आढळणारा ‘अंडाशयाचा’ कर्करोग बहुधा त्या टोकाच्या पेशींतच सुरू होतो, असं आता अनेकांचं मत आहे. मग जखम भरून येते, म्हणजे नव्या पेशी तयार होतात आणि प्रत्येक विभागणीत जनुकांची नक्कल चुकण्याची थोडी शक्यता असते. पाळी येण्यापासून जाण्यापर्यंत हे सुमारे चारशे वेळा घडतं आणि बाईला त्याचा पत्ताही नसतो.

बाळंतपणं, अंगावर पाजणं, गर्भनिरोधक गोळ्या यांनी धोका घटतो, तेव्हा फथल्लांचा हिशेब जुळतो. घोडं अडतं ते कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनपाशी. नळ्या बांधल्या तरी स्त्रीबीज दर महिन्याला सुटतंच, पण धोका मात्र कमी होतो. रॉबर्टा नेस आणि कॅरी कॉट्रो यांनी 1999 मध्ये या विसंगतीवर बोट ठेवलं. नुसतं फाटणं मोजू नका, त्याभोवतीचा दाह बघा, असं त्यांचं म्हणणं होतं. नळी बंद झाली की पाळीचं उलटं जाणारं रक्त आणि बाहेरून वर चढणारे त्रासदायक घटक यांची वाट बंद होते.

एंडोमेट्रिओसिसमध्ये नेमका हाच दाह दिसतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती अंडाशयावर नाहीतर ओटीपोटात इतरत्र रुजते. दर पाळीला तिथेही रक्त येतं आणि त्याला बाहेर पडायला जागा नसते. अंडाशयात ते साचून काळपट, दाट होतं, त्याला डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात. आजूबाजूला दाह धुमसत राहतो. अर्बुद म्हणजे न भरणारी जखम, असं बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ हॅरल्ड ड्वोराक यांनी 1986 मध्ये मांडलं होतं. अशी जखम घेऊन आपल्याकडे अश्वत्थामा नर्मदेकाठी तेल मागत फिरतो. पाळीत कळवळणारी मुलगी मात्र मेफ्टलची गोळी घेऊन कॉलेजला जाते, आणि घरात तिला सांगितलं जातं, “लग्न झालं की थांबेल, आम्हीपण सोसलंच की.”

सोसल्याने कर्करोग होतो, असं मुळीच नाही. सोसण्याच्या या शिस्तीमुळे दाह वर्षानुवर्षं तपासलाच जात नाही, हे मात्र खरं. आकडेही जपून वाचायला हवेत. अमेरिकेतल्या युटाच्या नोंदींवरून 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एंडोमेट्रिओसिस असलेल्या बायकांना अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे चौपट दिसला. ‘चौपट’ वाचून झोप उडावी. पण तोच हिशेब दहा हजार बायकांमागे साधारण दहा जास्तीच्या रुग्णांचा आहे. बातमीत पहिला आकडा ठळक छापला जातो. दवाखान्यात दुसरा आकडा कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवा.

दाह म्हटलं की लगेच हळदीच्या दुधाचा विषय निघतो. दूध खुशाल प्यावं, पण त्याने हा कर्करोग टळतो याला पुरावा नाही. रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांत धोका थोडा कमी आढळला, पण रक्तस्रावाची भीती असल्याने केवळ एवढ्यासाठी ती गोळी कोणी लिहून देत नाही. त्यापेक्षा ठोस गोष्ट कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात घडली. तिथे 2010 पासून गर्भाशय काढताना किंवा नसबंदी करताना अंडाशय राखून दोन्ही नळ्या पूर्ण काढून टाकण्याचा आग्रह धरला गेला. आपल्याकडे ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला अगदी सहज दिला-घेतला जातो, आणि त्याची खरंच गरज आहे का, हे आधी विचारायलाच हवं. गरज असेल, तर अंडाशय ठेवणार का आणि नळ्यांचं काय करणार, हेही ऑपरेशनच्या आदल्या भेटीतच डॉक्टरांना विचारता येतं.