देवाच्या फुलाचे मोल

परसदारी तगर, जास्वंद आणि पारिजातक होते, तोवर देवाचे फूल विकत घ्यावे की न घ्यावे हा प्रश्नच उद्भवत नव्हता. काचीगुडा आणि सुलतानबझार या भागांतील आपले जुने वाडे एकामागून एक गेले, त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या आणि पूजेच्या फुलांसाठी आपण बाजाराची वाट धरली. आता आपल्या देवघरातील फूल एकाने लाविलेले, दुसऱ्याने तोडलेले आणि तिसऱ्याने ओवलेले असते. आपण केवळ पैसे देतो.

या विचारास निमित्त झाले ते आपल्याच एका सभासद-कुटुंबातील तरुणाचे. पदवी घेतल्यावर नोकरीच्या मागे न लागता त्याने फुलांचे दुकान काढले. घरात मोठा क्षोभ झाला आणि आम्हांस मध्यस्थीस बोलाविण्यात आले. शिकलेल्या मुलाने हार ओवीत बसावे हे वडिलांस रुचत नव्हते. त्यांचे समाधान करणे फारसे कठीण नव्हते. अरणच्या मळ्यात राबणाऱ्या सावता माळ्यांना आपण संत म्हणतो, त्यांच्या भेटीस पंढरीची पालखी जाते हे कौतुकाने सांगतो, आणि आपल्या घरातला मुलगा फुलांत बसला की मान खाली घालतो, हा कोठला न्याय?

आजीचा आक्षेप मात्र निराळा होता आणि आमच्या मते अधिक विचारार्ह होता. देवाच्या वस्तूवर नफा काढणे हे पाप नव्हे काय, असे तिने विचारले. आम्ही भागवताच्या दशमस्कंधातील सुदामा माळ्याची कथा सांगितली. मथुरेत आलेल्या कृष्ण-बलरामांना त्याने माळा घातल्या आणि वर मागितला तो भक्तीचा. परंतु भगवंतांनी न मागता त्याच्या वंशात वाढत जाणारी लक्ष्मीही दिली. फुलाऱ्याचे घर उपाशी राहावे ही देवाची इच्छा नाही, असा अर्थ आम्ही काढला. त्यावर आजी शांतपणे म्हणाली, “सुदाम्याने माळा दिल्या होत्या, विकल्या नव्हत्या.” आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही हे कबूल केले पाहिजे.

तेव्हा त्या तरुणानेच सुचविले, “काका, एकदा बाजारात तर या.” जांबागचा फुलबाजार जुन्या मंडळींच्या स्मरणात आहे, आज घाऊक व्यापाराचे मोठे ठिकाण गुडीमलकापूर होय. पहाटे आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा चेवेळ्याकडील शेतकरी झेंडू आणि शेवंतीचे ढीग उतरवून थंडीत बसले होते. भाव ते ठरवीत नाहीत; बोली होते, अडत कापली जाते आणि उरेल ते हाती पडते. दसरा आणि बतुकम्मा या दिवसांत भाव चढतो. (बतुकम्मेचे तंगेडू आणि गुनुगू म्हणजे आपले तरवड आणि कुरडूच, पूर्वी माळरानावरून फुकट आणीत, आता तेही बाजारात मिळतात.) सण सरला की तोच झेंडू कोणी उचलीत नाही आणि रस्त्याच्या कडेला टाकून द्यावा लागतो. म्हणजे सणाच्या दिवशीचा जो नफा आपल्या डोळ्यांत खुपतो, त्यातूनच टाकून दिलेल्या मालाची भरपाई व्हावयाची असते. फुलारी देवावर नफा काढीत नाही. झोपमोड आणि नुकसानीची जोखीम यांचे मोल घेतो. हे आजीस पटले. तथापि व्यवसायातील खरी अडचण पुढेच होती.

आपल्या नगरात गजरा ‘मूर’ या मापाने विकतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी म्हणजे एक मूर; परंतु ती विकणाऱ्याच्या हाताची. हात आखूड तर गजराही आखूड. गिऱ्हाईक पाहत असते, म्हणून येथे फसवणुकीस जागा थोडी. ताजेपणाचे तसे नाही. शिळे फूल देवास वाहू नये असा आचार आहे. तुळस आणि बेल यांना त्यातून सूट दिलेली आहे. शीतगृहात ठेवून पाणी शिंपडलेले फूल मात्र आज उमललेले की चार दिवसांचे, हे घेणाऱ्यास कळत नाही. जे विचारले जात नाही ते विकणाऱ्याने आपण होऊन सांगावे काय? आजूबाजूचे दुकानदार सांगत नाहीत. सांगितले तर धंदा बुडतो, असे त्यांचे म्हणणे.

आमच्या या तरुणाने दोन टोपल्या मांडल्या. एकीत आजची फुले, दुसरीत कालची, दर निम्मा. आणि तसे स्पष्ट सांगू लागला. आता लबाडी संपली असे आम्हांस वाटले. परंतु महिन्याभराने त्याने जे सांगितले ते ऐकून आम्ही वरमलो. केसांत माळावयाचा गजरा आणि लग्नाचे हार घेणारी मंडळी आजच्या टोपलीत हात घालीत. देवपूजेसाठी घेणारी बरीच मंडळी कालची टोपली विचारीत. त्यांत आपले सभासदही होते. “देवाला काय, भाव महत्त्वाचा,” असे एका गृहस्थांनी हसत म्हटले. गीतेच्या नवव्या अध्यायातील पत्र-पुष्पाच्या श्लोकाचा असा उपयोग आम्ही प्रथमच ऐकला. ज्याच्यापाशी पानाखेरीज काही नाही त्याला तेथे अभय दिले आहे, की ज्याच्यापाशी सर्व आहे त्याला काटकसरीची मुभा?

आजी हे सर्व ऐकत होती. ती म्हणाली, “म्हणजे पाप विकण्यात नव्हते तर.” त्यानंतर ती स्वतः संध्याकाळी दुकानात बसू लागली. तिचा हात आखूड आहे, म्हणून एक मूर मोजून झाल्यावर ती चार बोटे अधिक सोडते.

हे लिहीत असता आम्हांस आमच्या समितीची वहीही उघडावी लागली. मंदिराचे नित्याचे हार याच दुकानातून येतात आणि मागील तीन महिन्यांचे देणे थकले आहे. देवाचे काम आहे, मुलगा घरचाच आहे, थांबेल, असे आम्ही गृहीत धरले होते. तो बाजारात शेतकऱ्याचे पैसे रोज पहाटे रोख चुकते करतो. घटस्थापनेपूर्वी ही रक्कम द्यावयाची असून, ज्या सभासदांनी पुष्पसेवेची वर्गणी अद्याप भरलेली नाही त्यांनी ती कार्यालयात आणून द्यावी.