पाचवे शील घरात कोण शिकवणार?

लहानपणी वडिलांसाठी तंबाखूची पुडी मीच आणीत असे. कॉलेजात ती माझ्या खिशात आली. दोष कुणाचा? 18 वर्षांखालील मुलाला तंबाखू विकू नये, असा कायदा 2003 साली झाला. पण आमच्या कर्जत-खालापुरात मुलाला टपरीवर धाडणारा बहुधा बापच असतो.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी नशेचे तोटे सांगितले: धननाश, कलह, रोग, अपकीर्ती. तिथेच मुलांना पापापासून परावृत्त करणे हे आईबापांचे कर्तव्य म्हटले आहे. बाप स्वतः व्यसनी असला तर? कर्तव्य सुटत नाही. पण आधी त्याने स्वतःला आवरावे.

माझी पुडी सापडली तेव्हा वडील रागावले नाहीत. त्यांनी आपली चंची चुलीत टाकली. मग मीही सोडली.

उपासकांनो, पंचशील विहारात म्हणतो; पाळायला शिकतो ते घरातच.