स्मृतीचें प्रमाण

विंडसरच्या राजवाड्यांत राणी मेरीचें बाहुलीघर आहे. १९२४ सालीं पुऱ्या झालेल्या त्या घराची सारी रचना फुटास इंच या एकाच प्रमाणानें केलेली आहे. तेंच प्रमाण घेऊन मीं छत्रपति संभाजीनगरांतील आमच्या, आतां पाडलेल्या, वाड्याचें माजघर मुलीसाठीं लाकडांत उभें केलें. देव्हारा, झोपाळा, फडताळ, जेवणाचे पाट, सारें जमलें. तोंच मुलीनें विचारलें, "बाबा, आजी कुठें जेवायची?"

मला चटकन सांगतां येईना. आम्ही जेवून उठल्यावर ती स्वयंपाकघराच्या दाराआड बसे. तिला जेवतांना मीं क्वचितच पाहिलें. वस्तूंस एकच प्रमाण लावतां येतें. स्मृति तसें करीत नाहीं. आपलें सुख ती मोठें करते आणि दुसऱ्याचे कष्ट दिसेनासे होईपर्यंत लहान.

मग मीं आणखी एक पाट केला. तो पंक्तींत मांडण्याचा मोह अनावर होता. परंतु जो मान आईला आम्हीं दिला नाहीं, तो बाहुलीघरांत देऊन मुलीपुढें मिरविणें हें प्रेम नव्हे. तो पाट मीं दाराआडच ठेवला.