मिश्री, ताण आणि इच्छास्वातंत्र्य
इच्छा नसताना माणूस पापाकडे बळेच कसा ओढला जातो, हा अर्जुनाचा प्रश्न गीतेच्या तिसऱ्या अध्यायात येतो. श्रीकृष्ण रजोगुणातून उपजणाऱ्या काम-क्रोधाकडे बोट दाखवतो. व्यसनाच्या बाबतीत ही ओढ रक्तातही सापडते. पहाटे चुलीपुढे बसून बोटाने हिरड्यांना मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावणाऱ्या बाईच्या रक्तात निकोटिन काही मिनिटांत पोहोचते. ॲड्रेनॅलिन स्रवते, साठलेल्या चरबीतून मेदाम्ले सुटतात आणि यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड बनवते. इस्ट्रोजेन घडवणाऱ्या ॲरोमॅटेज या विकरालाही निकोटिन अडवते, असे प्रयोगांत दिसले आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांची पाळी सरासरी 1 ते 2 वर्षे आधी जाते. इस्ट्रोजेन घटले की घातक एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते. ताणही यात भर घालतो: दीर्घ ताणात कॉर्टिसॉल चढते, मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संकेत मंदावतात. अशा ताणात जीव कासावीस झाला की हात पुन्हा मिश्रीच्या डबीकडे जातो, आणि त्या कासाविशीत निकोटिन उतरल्याची तगमगही मिसळलेली असते. सगळा दोष तिच्या मनोबलावर ढकलणे म्हणूनच अन्यायाचे आहे. तरी गीता माणसाला असहाय मानत नाही. कामाला जिंकण्यासाठी आधी इंद्रिये आवरायला सांगते, म्हणजे ओढ खरी मानूनही कर्तेपण माणसाकडेच ठेवते.